वाटणीत राहून गेलेलं पाणी

माळवदाचं घर कसं असतं हे आता आमच्याच गावातल्या पोरांना सांगावं लागतं. भिंती मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. भिंतींवर लाकडं, लाकडांवर कपाशीच्या पराट्या आणि लिंबाचा पाला, आणि त्यावर माती. छत सपाट, तेही मातीचंच. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, असं लोक कौतुकानं सांगतात. सांगणाऱ्यांनी ते कधी साफ केलेलं नसतं.

माळवदावर वर्षभर गवत उगवतं. मृग लागायच्या आत ते मुळासकट उपटायचं. मूळ आत राहिलं तर ते कुजतं, तिथं भोक पडतं आणि पाणी त्या भोकातून खाली येतं. गवत काढलं की गावाबाहेरच्या पडक्या गढीतून पांढरी माती आणायची. पुन्हा गवत धरू नये म्हणून त्या मातीत खडेमीठ मिसळायचं. ती पसरायची, पाणी शिंपडायचं, लाकडानं चोपून घट्ट करायची. चोपताना उतार राखायचा. पाणी पळत पन्हाळापर्यंत गेलं पाहिजे आणि पन्हाळातून बाहेर पडलं पाहिजे. थांबलं तर ते घरात उतरतं. हे काम गड्यांचं. बायकांनी खालून घमेली भरून द्यायची, वर जायचं नाही. खाली देवघर असतं, घरातली मोठी माणसं असतात, त्यांच्या डोक्यावरून बाईनं चालायचं नसतं.

मी चालले. वीसेक वर्षं चालले.

आमचं घर केदारखेड्याजवळच्या एका गावात. सासरे गेले आणि वर्षाच्या आत दोघा भावांची वाटणी झाली. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल. माझा नवरा धाकटा. तो जालन्याला मस्तगडात एका लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला होता, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मी दोन पोरींना घेऊन गावात.

थोरल्या दिराला आमच्याकडं भाया म्हणतात. भायासमोर धाकट्याच्या बायकोनं यायचं नाही. आलंच तर पदर पुढं ओढून, तोंड फिरवून. बोलायचं तर बिलकुल नाही. त्यानंही तिच्याशी बोलायचं नाही. पण एका अंगणात राहायचं म्हणजे बोलल्याशिवाय चालत नाही. मग तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं आणि जिला ऐकवायचं तिनं ऐकायचं. कुणी बायकोला सांगतं, कुणी लेकराला. आमच्या भायांनी बैल धरला होता. अंगणात बैलासमोर उभं राहायचं, त्याच्या पाठीवर हात फिरवायचा आणि मला जे सुनवायचं ते त्याला सुनवायचं. मी माझ्या थोरल्या पोरीला सांगायचे. ती सहा-सात वर्षांची होती, तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ती उभी राहायची. एवढी भांडणं आम्ही केली, पण मी त्यांच्याशी आणि ते माझ्याशी एक शब्द बोललो नाही.

वाटणीला नवऱ्याचे मामा आणि गावातले दोन जाणते आले होते. घर चार खणांचं. मधोमध एक मोठी तुळई, तिच्यावर टेकून दोन्हीकडं गेलेली आडवी लाकडं. त्यांनी त्या तुळईखालून दोरी धरली, तीच वाटणीची रेघ. उगवतीचे दोन खण आमचे, मावळतीचे दोन भायांचे. दोरीखाली भिंत बांधायची ठरली. विहिरीच्या पाळ्या ठरल्या, वावर मोजलं, जातं आम्हाला, उखळ त्यांना, देवघर त्यांच्याकडं. संध्याकाळी सगळे जेवून गेले. वर कुणी पाहिलं नाही. साऱ्या माळवदाचा उतार मावळतीकडं होता. घराची सगळी पन्हाळं भायांच्या वाटणीत गेली होती आणि माझ्या अर्ध्या माळवदाचं पाणी त्यांच्यावरून वाहत जाणार होतं. जमीन वाटली, जनावरं वाटली, पाणी वाटायचं राहिलं.

भायांच्या ते आधी लक्षात आलं. उन्हाळ्यात त्यांनी माणसं लावून आपली बाजू चोपून घेतली आणि तुळईच्या बरोबर वर, माळवदावर, मातीचा बांध घातला. वावरात घालतात तसा. मला कळलं ते पाऊस झाल्यावर. माझ्या बाजूला पाणी तळ्यासारखं साचलं. दिवस उजाडायच्या आत चुलीवर, गोधड्यांवर, धान्याच्या कणगीवर, सगळीकडं धार. पोरींना जात्याच्या कोपऱ्यात बसवलं, तेवढाच कोरडा राहिला होता.

सकाळी भाया अंगणात बैलापाशी आले.

"ऐकलं का रे," ते बैलाला म्हणाले, "लोकायला वाटणी पायजे होती. भेटली. आता आपल्या वरचं पाणी ज्याचं त्यानं पिऊन टाकावं."

मी पोरीला दारात उभी केली. "सांग तुझ्या काकाच्या बैलाला, पाणी वाटणीवर न्हाई चालत, उतारावर चालतं."

"उतार बी आमच्या वाटणीत आला," भाया बैलाला म्हणाले. बैल शेपटी हलवत होता.

नवऱ्याला निरोप धाडला. तो शनिवारी आला, माळवद पाहिलं, भावाशी बोलायला गेला आणि चहा पिऊन परत आला.

"काय म्हणले?"

"म्हणले, बघू."

"आन् तुम्ही काय म्हणले?"

"मी काय म्हणू? दादा हाये तो." मग म्हणाला, "कशाला डोकं लावून राह्यली? चल मस्तगडात. खोली घेतो. नळ हाये, लाईट हाये."

"आन् वावर?"

"वावर दादा बघंल."

"तेच म्हणून राह्यले मी."

भायांना तेच पाहिजे होतं. मी पोरी घेऊन जालन्याला गेले असते तर घर एका पावसाळ्यात बसलं असतं. घर बसलं की मी गावात परत कुठं येणार? आणि मी गावात नसले की वावर त्यांच्या नांगराखाली. दोन पोरींच्या बापाच्या वाट्याचं वावर चुलत्याच्या पोराला जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. म्हणून मला घर उभं ठेवायचं होतं. दुसरं काही नाही. मला त्या घराची माया नव्हती. त्या घरात मला काही सुख लागलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माळवदासाठी गडी शोधले. एकही आला नाही. भायांनी गावात सांगितलं होतं की माळवदाचा तंटा आहे, त्यात कुणी पडू नका. मग मी पदर खोचला, शिडी लावली आणि वर गेले.

जाऊ अंगणात भांडी घासत होती. मी तिला अक्का म्हणायचे. ती उभीच राहिली, हाताला राख तशीच.

"अगं धाकले! बाईमाणूस माळवदावर? खाली देव बसलेत!"

"देव तुमच्या वाटणीत गेले, अक्का. माझ्याखाली नुसती चूल हाये."

"आन् तुझे भाया? त्यांच्या डोक्यावर चढली का तू?"

"भाया रेघेच्या तिकडं हायेत. मी रेघ वलांडली का? बघ बराबर."

त्यांनी बांध घातला होता ना, मग मी बांधाच्या माझ्या बाजूला माती टाकली, त्यांच्या बांधापेक्षा उंच. गढीतून डोक्यावर घमेली आणायची, शिडीनं चढवायची, पसरायची, चोपायची. मागच्या अंगाला, शेजाऱ्याच्या भिंतीकडं, आणखी उंच. त्यामुळं उतार फिरला तो गल्लीकडं. गल्लीच्या अंगाला माझं दार. दाराच्या वरच भिंत फोडून पन्हाळ बसवलं, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. पाऊस आला की माझ्या दारात धार. घरात शिरायचं तर तिच्यातून. गावात असं घर दुसरं नव्हतं आणि लोक मुद्दाम बघायला यायचे.

भाया बैलाला म्हणाले, "धाकट्याच्या घरी आता पाव्हणे आंघोळ करूनच आत जातेत. चांगलं हाये. सोवळं राहील."

गल्लीतली माणसं हसली. मी पण दाराआड हसले, कारण आत कोरडं होतं.

मग ते सुरू झालं. मी माती उंच केली म्हणून माझ्या अंगानं येणारा ओलावा त्यांच्या बांधाला लागला. त्यांनी बांध उंच केला आणि बांधाला टेकून आपली बाजूही चढवली. पुढच्या उन्हाळ्यात मी चढवली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी. गढीची पांढरी माती आम्ही दोघांनी इतकी वाहिली की गढीचा एक कोपरा सपाट झाला. खालची जुनी माती कुणी काढली नाही. काढायची असते, हे दोघांनाही माहीत होतं. दर काही वर्षांनी माळवद उकलून जुनी माती उतरवतात, नाहीतर लाकडं वजन धरत नाहीत. पण जो आधी उतरवील त्याची बाजू खाली जाणार आणि दुसऱ्याचं पाणी त्याच्यावर येणार. म्हणून दोघंही चढवतच राहिलो. मधली तुळई वाकली. माझं भिंतीतलं फडताळ होतं, त्याचं दार लागेनासं झालं. त्यांच्याकडंही देवघराची चौकट तिरपी झाली, असं अक्का शेजारणीला सांगत होती. शेजारीण दोन्हीकडं चहा प्यायची, त्यामुळं मला कळलं.

अक्काचा आणि माझा वेगळाच हिशेब चालला होता. ती वाईट बाई होती. मी तिच्यापेक्षा चांगली होते असं नाही, पण तिनं आधी सुरुवात केली.

एकदा मी माळवदाची माती ओली करून चोपली आणि माहेरी लग्नाला गेले. आले तर माझ्या बाजूला हिरवं दिसायला लागलं होतं. वर जाऊन पाहिलं. हराळी. ज्याच्या वावरात हराळी शिरली त्याला विचारा. कांडीवर कांडी जाते, हातभर खोल मूळ, एक तुकडा राहिला तरी पुन्हा येते. माळवदात हराळी म्हणजे चाळणीच. पण गंमत अशी की ती ओळीनं उगवली होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, ऊस लावावा तशी. वावरात हातानं लावायची सवय, त्यामुळं पाप करतानाही हात ओळीतच चालला.

मी वरूनच ओरडले, "अक्का, हराळी कुणी लावली?"

"मला काय माहीत? पाखरायनं आणली आसंल."

"पाखरं ओळीनं पेरतेत का?"

"राजूरच्या गणपतीची आण! मी हात लावला न्हाई!"

"बरं झालं. मंग ज्यानं लावली त्याचे हात झडून जाऊ दे म्हणते, तुला काय लागणार न्हाई."

त्या चतुर्थीला ती राजूरला चालत गेली, एरवी जीपनं जायची.

तिनं एकदा माझ्या पोरीसमोर मला विचारलं होतं, "तुला एवढं घर कशाला पायजे गं? दोन पोरीच तर हायेत. त्या गेल्या की माळवदावर बसून काय भजन करणार?" पोर माझ्याकडं पाहत होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या काकूला सांग, भजन न्हाई, तुमच्या डोक्यावर नाचणार."

हराळी काढायला मला सारा उन्हाळा लागला. खुरप्यानं, मग हातानं, एकेक कांडी. काढून झाल्यावर मी मीठ आणलं. माझ्या मातीत टाकायचं तेवढं टाकलं आणि उरलेलं रेघेच्या कडेनं ओतलं, बांधाच्या अगदी बुडाशी. पावसाळ्यात ते विरघळलं आणि बांधातून झिरपत त्यांच्या अंगाला गेलं. मातीच्या भिंतीला मीठ लागलं की लोणा धरतो, पोपडे सुटतात, सारवलेलं टिकत नाही. दिवाळीच्या आत अक्काच्या देवघराची भिंत पांढरी फटक झाली. ती सारवायची आणि ते गळून पडायचं. ती रोज सारवायची. तिला कारण कळलं होतं. पण ती कुणाला काय सांगणार? मीठ तर सगळेच टाकतात.

नवरा वारला. जालन्यातच, दुकानात, हातात तराजू असताना. तेराव्याला भाया बैलाशी बोलले. बैल आता दुसरा होता. "आता तरी लोकायनं डोकं टेकावं," ते म्हणाले. "पोरी उजवून द्याव्या आन् जावंपाशी गपगुमान राहावं. खोपट काढून देऊ गोठ्याच्या बाजूला."

त्यावर पोरीला मी काही सांगितलं नाही. उन्हाळा आल्यावर वर चढले.

थोरली पोर शिकली. जालन्याला नर्सिंग करून एका दवाखान्यात लागली. धाकटीचं लग्न झालं. भायांचा मुलगा पुण्याला कंपनीत गेला. तो दिवाळीला यायचा, माळवदाकडं बघायचा आणि म्हणायचा की हे सगळं पाडून स्लॅब टाकला पाहिजे. मग जायचा.

एका उन्हाळ्यात भायांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मुलगा आला, जालन्याला नेलं, परत आणून टाकलं आणि पुण्याला गेला. मधल्या भिंतीच्या पलीकडंच त्यांची खाट होती. मला त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. त्या वर्षी त्यांच्या माळवदावर कुणी चढलं नाही. अक्काचे गुडघे गेले होते. बैल विकले होते.

त्याच उन्हाळ्यात थोरल्या पोरीनं पत्रे आणून टाकले. टेम्पोतून दारात उतरवले, नवे कोरे. म्हणाली, "आई, आता बास. माती काढ ती सगळी."

मी इतकी वर्षं वाट पाहत होते ती याचीच. माती उतरवायची तर आता भीती नव्हती. पत्र्याला माळवदाची उंची लागत नाही. पत्रा आपल्या भिंतींवर, आपल्या लाकडांवर, उतार गल्लीकडं. भायांच्या पाण्याशी माझा संबंध संपणार होता.

राजूरहून सुतार आणला, दोन गडी आणले. आता गडी यायला तयार होते, भायांचं कोण ऐकतं? त्यांनी माझी माती खाली ओढली. किती निघाली सांगता येत नाही, गल्ली बंद झाली. खालची लाकडं पार वाकलेली होती. ती लांबच लांब, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मधे तुळईवर टेकलेली. अर्धी माझ्यात, अर्धी भायांच्यात. सुतार मला म्हणाला, "बाई, ही काढायची तर तुळईवर कापावी लागतील."

"कापा."

"त्यांच्या लाकडाचं टोक मंग नुसतं चार बोटं टेकल तुळईवर. वर एवढी माती."

"माती त्यांची हाये. रेघेवर कापा."

करवत चालू झाली. पलीकडं भाया खाटेवर होते. भुसा फटीतून त्यांच्यावर पडायला लागला. अक्का ओरडत आली, "थांबव गं, थांबव! त्यांच्या डोळ्यात जाऊन राह्यलं!" मग शेजारच्यांना बोलावून तिनं खाट बाहेर ओट्यावर नेली. भाया ओट्यावर पडून वर पाहत होते. मी माझ्या भिंतीवर उभी होते.

लाकडं कापून निघाली. आता रेघेवर त्यांच्या बाजूची माती कमरेएवढी उभी राहिली, विहिरीचा काठ दिसावा तसा. थर मोजता आले असते. त्याखाली कापलेली टोकं. सुतारानं माझ्या भिंतींवर विटांचे थर चढवले, नवी लाकडं टाकली, पत्रे ठोकत ठोकत रेघेपर्यंत आला. शेवटचा पत्रा रेघेच्या पलीकडं हातभर जात होता.

"बराबर बसला," सुतार म्हणाला. "हा हातभर पलीकडं राहू द्या. त्यांचा काठ झाकला जाईल. पाणी लागलं न्हाई तर माती बी धरून राहील आन् लाकडाची टोकं बी."

अक्का खाली उभी होती. तिनं ऐकलं. "राहू दे गं," ती म्हणाली. "तुझं काय जातंय? पत्रा तर तसाच हाये. तुझ्या पाया पडते."

मी म्हटलं, "रेघेवर कापा."

सुतारानं कातर उचलली नाही.

तेव्हा भाया बोलले. बैल नव्हता, पोरगी नव्हती. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते, पण कळत होते. माझ्याकडं पाहून, सरळ माझ्याशी ते म्हणाले, "बाई... हातभर... राहू द्या."

त्या घरात मला सून होऊन तीसेक वर्षं झाली असतील. पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

मी डोक्यावरून पदर पुढं ओढला. तोंड फिरवलं. सुताराला म्हटलं, "सांगा त्यायला, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची या घरात रीत न्हाई."

सुतारानं सांगितलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि पत्रा कापला. कातरीचा आवाज फार मोठा असतो. अक्कानं भायांचे डोळे पदरानं पुसले, भुसा राहिला होता.

पाऊस आला. माझ्याकडं थेंब नाही. पत्र्यावर आवाज एवढा की पलीकडचं काही ऐकू येईना. भायांचा काठ पहिल्याच आठवड्यात ढासळायला लागला. आधी ढेकळं, मग मोठे तुकडे, तुळईवरून घसरून मधल्या भिंतीच्या त्यांच्या अंगाला. पाणी लाकडांच्या उघड्या टोकांतून आत शिरलं. अक्का परात लावायची, पातेलं लावायची. मग एक लाकूड चार बोटांवरून सुटलं आणि खाली आलं. खाट तिथं नव्हती, त्याच्या आदल्या दिवशी तिनं दुसऱ्या खणात सरकवली होती. गावातल्या माणसांनी भायांना उचलून मागच्या गोठ्यात नेलं. बैल विकल्यापासून तो रिकामा होता. छपराचा होता, पण गळत नव्हता. तिथंच ते राहिले, थंडी पडेपर्यंत, आणि तिथंच गेले. मुलगा पुण्याहून आला. दहावं होईपर्यंत थांबला, दार तेवढं नवीन करून दिलं गोठ्याला.

गावात म्हणतात की मी त्यांना मारलं. लकव्यानं गेले. दवाखान्याच्या कागदावर तसं आहे. पण म्हणणाऱ्यांचं मी काही खोडत नाही, म्हणू देते. त्यामुळं माझ्या वावराच्या बांधाला कुणी हात लावत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे दोन्ही खण बसले. नुसता मातीचा ढीग, त्यात लाकडं, देवघराची चौकट. अक्का गोठ्यातच राहते. पण त्या ढिगाला टेकून उभी होती ती मधली भिंत, आणि ती अर्धी माझी. त्यांच्या अंगानं तिच्यावर आता काहीच नव्हतं. पाऊस सरळ तिच्या माथ्यावर पडायचा आणि ओल माझ्या घरात यायची. पत्र्याखाली राहून माझी चूल ओली. एक दिवस फडताळाच्या मागची माती हातात आली. मला भीती वाटली. भिंत गेली तर पत्रा कशावर राहील?

मी राजूरच्या त्याच सुताराला बोलावलं. एक नवा पत्रा आणला, आणि रेघेच्या पलीकडं, ढिगाच्या अंगाला हातभर बाहेर काढून ठोकायला सांगितला. भिंतीचा माथा झाकला गेला.

ठोकाठोकी ऐकून अक्का काठी टेकत आली. ढिगाच्या कडेला उभी राहून वर पाहिलं.

"आता टाकला गं," ती म्हणाली. "आता रेघ वलांडून टाकला. तेव्हा का न्हाई टाकला?"

"तेव्हा माझी भिंत ओली होत नव्हती," मी म्हटलं.

ती काठी टेकत गोठ्याकडं परत गेली. सुताराचे दोन खिळे वाकले होते. ते त्यानं काढून नवे मारले आणि शिडीवरून उतरला.